‘सुपाची दाळ द्या’: गावातल्या मालासाठी बोधचिन्ह कसे तयार करावे

विदर्भातील जिनिंग-प्रेसिंगमधून, म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यातून, बाहेर पडणाऱ्या गाठीवर त्या कारखान्याचा प्रेस मार्क आणि गाठीचा क्रमांक छापलेला असतो. दूरच्या सूतगिरणीत ती गाठ उघडल्यावर आतला कापूस कसा निघाला, यावरून पुढच्या खेपेस तोच मार्क मागायचा की टाळायचा, हे घेणारा ठरवतो. बोधचिन्हाचे, म्हणजे आपण ज्याला लोगो म्हणतो त्याचे, मूळ काम एवढेच आहे. एकदा माल घेतलेल्या माणसाला तो पुन्हा ओळखता यावा, आणि नाव आठवले नाही तरी दुकानदाराकडे तो मागता यावा. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत वस्तू ‘छाप’ पाहूनच घेतली जात असे. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उमेदवारांना चिन्हे देण्यामागेही हाच व्यवहारी विचार होता.

प्रत्यक्षात मात्र बोधचिन्हाची आठवण फार उशिरा होते. उद्घाटनाचा फ्लेक्स छापायला टाकताना ‘सोबत एखादा लोगोही टाकून द्या’ असे सांगितले जाते आणि दुकानातील मुलगा संगणकात आधीच असलेला उगवता सूर्य, दोन ओंजळी आणि त्यांत एक रोपटे असे चित्र बसवून देतो. तालुक्यातील पाच गटांचे फलक शेजारी ठेवले, तर कोणता कोणाचा हे नाव वाचल्याशिवाय कळत नाही. पुढील मार्गदर्शन अशा बचत गटांसाठी, शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी आणि त्यांना मदत करणाऱ्या गावातील तरुणांसाठी आहे. चित्रकला येत नसली तरी यातील बहुतेक काम करता येते, कारण त्यातील निम्मे काम विचारण्याचे आणि ऐकण्याचे आहे.

उदाहरण म्हणून एक काल्पनिक गट घेऊ. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्याच्या एका गावात दहा महिला मिनी दालमिलवर तुरीची डाळ तयार करतात, एक किलोच्या पन्नीत आणि तीस किलोच्या कट्ट्यात भरतात, आठवडी बाजारात व यवतमाळच्या दोन-तीन किराणा दुकानांत विकतात, आणि नागपूर-पुण्यातील नातेवाइकांमार्फत थोडा माल बाहेरही पाठवतात.

चित्राआधी बैठक

पहिल्या दिवशी कागदावर काहीही काढू नये. सगळ्या सदस्यांना एकत्र बसवून चार गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवावीत. माल कोण घेतो? तो मालाला पहिल्यांदा कुठे पाहतो, दुकानाच्या फळीवर, बाजारातल्या ताडपत्रीवर की मोबाईलवर? दुसऱ्यांदा घ्यायला आलेले गिऱ्हाईक काय बोलते? आणि तीन वर्षांनी याच नावाखाली आणखी काय विकायचा विचार आहे?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर सहसा घाईत दिले जाते. ‘चांगली आहे म्हणतात’ या उत्तरावर थांबू नये, नेमके कोणते शब्द वापरतात ते विचारावे. आपल्या गटाला मिळणारी दाद समजा अशी आहे: ‘तुमच्या दाळीत खडा निघत नाही.’ (विदर्भात बोलताना आपण ‘दाळ’ म्हणतो, पुडीवर ‘डाळ’ लिहावे, पण गिऱ्हाइकाच्या तोंडचा शब्द वहीत जसा आहे तसाच राहू द्यावा.) हे एक वाक्य पुढच्या सगळ्या कामाचा आधार होईल.

आता चित्र सुचवायला सांगितले की पहिली सूचना जात्याची येणार, हे जवळजवळ ठरलेले आहे. जाते दिसायला सुंदर आहे, वरून पाहिले तर वर्तुळ, मध्ये छिद्र आणि कडेला खुंटा, म्हणजे बोधचिन्हाला हवा तसा साधा आकार आहे. परंतु ही डाळ जात्यावर भरडलेली नाही. ती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी दालमिलसारख्या यंत्रावर तयार होते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पन्नीवर जाते पाहून ‘जात्यावरची’ म्हणून जास्त पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला खरे कळेल त्या दिवशी ते चिन्ह गटाच्या विरोधात साक्ष देईल. मग हाताने कोणते काम होते? यंत्रातून डाळ निघाल्यावर दोघीजणी सूप घेऊन बसतात आणि टरफल, खडा, भरडा वेगळा करतात. गिऱ्हाइकाने ज्या गोष्टीची दाद दिली, ती सुपातून आलेली आहे. शिवाय उद्या याच गटाने मिरची, हळद किंवा जवसाची चटणी सुरू केली, तरी सूप चालेल. तुरीची शेंग चालली नसती.

नाव

चिन्ह आणि नाव एकमेकांना धरून असतात, म्हणून नावाचा प्रश्न इथेच सोडवलेला बरा. ‘शुद्ध’, ‘गावरान’, ‘अस्सल’ या शब्दांनी मालाचे फक्त वर्णन होते. केवळ वर्णन करणारे शब्द व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) म्हणून नोंदवायला कायद्यात अडचण आहे, आणि बाजारातही ते कोणाच्या लक्षात राहत नाहीत. ‘भिवापूर मिरची’, ‘वायगाव हळद’, ‘नागपूर संत्री’ ही भौगोलिक मानांकन मिळालेली नावे आहेत. त्या क्षेत्राबाहेरच्या मालाला ती लावता येत नाहीत, आणि त्या क्षेत्रातील उत्पादकानेही अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घ्यावी.

आपल्या गटाने समजा ‘सूप’ हेच नाव सुचवले. नागपूरच्या भाचीला फोन करून विचारले, तर ती टोमॅटोच्या सूपविषयी बोलू लागते. नाव गावाबाहेरच्या चार जणांना फोनवर, काहीही न समजावता, ऐकवून पाहण्याचा फायदा असा होतो. दुसरे नाव आले ‘खळं’. तूर जिथे झोडपली जाते ती जागा. शब्द छोटा आहे, तोंडात बसतो, आणि ‘ळ’मुळे लगेच मराठी वाटतो. त्यात एक खाच आहे, ती अक्षरांच्या भागात येईल. तूर्त नाव ‘खळं’ आणि चित्र सूप असे धरून चालू.

कोणत्या चित्रांच्या वाटेला जाऊ नये

गावात याचा फटका आधी बसतो, म्हणून राजकीय पक्षांच्या निशाण्या पहिल्यांदा बाजूला काढाव्यात. कमळ, पंजा, घड्याळ, धनुष्यबाण, मशाल, तुतारी यांपैकी काहीही पुडीवर आले, की अर्ध्या गावाचा माल घेण्याचा विचार बदलतो आणि उरलेले अर्धे गाव गटाला आपले समजू लागते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अपक्षांना मिळणाऱ्या निशाण्यांत घरातली कितीतरी भांडीकुंडी असतात, त्यामुळे सगळेच टाळणे शक्य नाही. पक्षांच्या निशाण्या मात्र टाळाव्याच.

कायद्याने बंद असलेली चित्रे वेगळी. बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या 1950 च्या कायद्यानुसार राष्ट्रध्वज, छत्रपती शिवाजी महाराज किंवा महात्मा गांधी यांचे नाव वा चित्र व्यापारासाठी वापरता येत नाही. चार सिंहांच्या राजमुद्रेसाठी 2005 चा स्वतंत्र कायदा आहे. ‘उमेद’ किंवा अन्य शासकीय अभियानाचे चिन्ह गटाला मदत मिळाली म्हणून आपल्या चिन्हात मिसळू नये. देवाचे चित्र घालण्याची इच्छा मनापासूनची असते, पण रिकामी पन्नी शेवटी उकिरड्यावर जाते, हे बैठकीत एकदा बोलून दाखवले की तो आग्रह आपोआप मावळतो.

वारली चित्रांबद्दल माझे मत जरा कडक आहे. ‘ग्रामीण’ दिसावे म्हणून विदर्भातील मालावर वारली माणसे नाचवली जातात. ती कला ठाणे-पालघरकडील वारली समाजाची आहे, तिला भौगोलिक मानांकनही आहे. दारव्ह्याच्या डाळीशी तिचा संबंध नाही. आपल्या भिंतींवर, बैलांच्या झुलीवर, पोळ्याच्या सजावटीत, बुरडांच्या विणकामात पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

पेन्सिल आणि वही

आता एक खरे सूप समोर ठेवावे. मोबाईलवर शोधलेले चित्र पाहून काढू नये, कारण ते आधीच कोणीतरी काढलेले असते. सूप वरून, समोरून आणि बाजूने पाहून, चौकटीच्या वहीत रुपयाच्या नाण्याएवढी वीस-पंचवीस चित्रे काढावीत. लहान काढण्याचे कारण असे, की लहान चित्रात बारकावे मावतच नाहीत आणि आकार तेवढा उरतो. पहिली सात-आठ चित्रे सगळ्यांची सारखीच येतात. कामाचे काही हाती लागते ते बहुधा त्यानंतर.

सुपाच्या बाबतीत एक धोका पहिल्याच तासात लक्षात येतो. सपाट बाजूने काढलेले सूप केर भरायच्या सुपलीसारखे दिसते, आणि खाण्याच्या वस्तूवर केराची सुपली कोणालाही नको असते. इथे चित्रकाराचे खरे काम सुरू होते. सुपली आणि सूप यांत फरक कशाने पडतो? सुपाचा मागचा काठ गोलसर आणि जाड बांधलेला असतो, त्याला बांबूची तिरपी वीण असते, आणि मुख्य म्हणजे त्यातून दाणे वर उडतात. केराच्या सुपलीतून कोणी काही उडवत नाही. म्हणून जाड गोल काठ, विणीच्या फक्त चार-पाच तिरप्या रेषा आणि वर हवेत तीन दाणे, एवढेच ठेवावे. विणीच्या वीस रेषा काढल्या तर छपाईत त्यांचा काळा डाग होईल.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. मी केलेल्या पहिल्या बोधचिन्हात विहीर, बैलजोडी, कपाशीचे बोंड, पुस्तक, सूर्य, हात मिळवलेली दोन माणसे आणि भोवती संस्थेचे पूर्ण नाव होते. भिंतीएवढ्या फलकावर ते शोभले. त्याचा रबरी शिक्का करून आणला आणि पावतीवर मारला, तेव्हा शाई सांडल्यासारखी गोल खूण उमटली. तेव्हापासून मी एक कसोटी पाळतो: चिन्ह न पाहिलेल्या माणसाला ते एका दमात तोंडी सांगता आले पाहिजे. ‘सूप, आणि त्यातून उडणारे तीन दाणे.’ यापुढे ‘आणि’ जोडावे लागले, तर काहीतरी काढून टाकायचे आहे.

देवनागरी अक्षरे

नवशिक्यांचे सर्वांत कमी लक्ष इथे असते आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात, म्हणून या भागाला वेळ द्यावा.

‘खळं’ या शब्दातील खाच अनुस्वाराची आहे. छपाईत टिंब पुसट झाले किंवा शिरोरेषेला चिकटले, की ‘खळ’ उरते, आणि खळ म्हणजे चिकटवायची किंवा कपड्याला द्यायची. डाळीच्या पुडीवर ते वाचले जाणे परवडणारे नाही. उपाय असा, की टिंब अक्षराच्या उभ्या दांड्याच्या जाडीपेक्षा थोडे मोठे घ्यावे, शिरोरेषेपासून ते स्पष्ट सुटे ठेवावे आणि तुरीच्या दाण्याच्या आकाराचे काढावे. म्हणजे ते नजरेतून सुटणार नाही आणि वरच्या चित्रातील उडत्या दाण्यांशी त्याचे नातेही जुळेल. ही युक्ती शोभेसाठी केलेली नाही, म्हणूनच ती टिकते. त्याच शब्दातील ‘ख’ सैल काढला तर ‘रव’ वाचला जातो. त्याचे दोन भाग खाली एकमेकांना जोडलेले असावेत.

नागपूरकडे हिंदी फलकांचा शेजार असल्यामुळे आणखी एक घोळ होतो. मराठी वळणाचा ‘ल’ पाकळ्यांचा आणि ‘श’ देठाचा असतो. महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या निर्णयात हीच वळणे प्रमाण मानली आहेत. अनेक फॉन्टमध्ये हिंदी वळणाची अक्षरे आपोआप येतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाहीत. ‘वऱ्हाड’, ‘तुऱ्हाटी’ अशा शब्दांतील ‘ऱ्ह’ तर हमखास तुटतो किंवा त्याचा रफार होऊन बसतो. नावात असे अक्षर असेल तर छापण्यापूर्वी ते भिंगाखाली पाहावे.

फॉन्ट निवडताना त्याचा परवाना पाहणे आवश्यक आहे. ‘मुक्त’, ‘बलू’ हे ‘एक टाईप’ या संस्थेचे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत आणि व्यापारी कामातही विनामूल्य वापरता येतात. डीटीपीच्या दुकानांत अजूनही ‘कृतिदेव’सारखे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट चालतात; तिथे फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की मजकुराची इंग्रजी खिचडी होते. म्हणून अंतिम चिन्हातील अक्षरे नेहमी आकृतीत बदलून ठेवावीत, म्हणजे फॉन्ट नसला तरी ती हलत नाहीत. तयार फॉन्टची अक्षरे आडवी किंवा उभी ताणू नयेत. ताणल्यावर शिरोरेषा आणि दांडा यांची जाडी वेगवेगळी होते आणि शब्द आजारी दिसतो. हात चांगला असेल तर गावातील रंगाऱ्याकडून बोरूने किंवा सपाट कुंचल्याने नाव लिहून घ्यावे; फ्लेक्सच्या आधी दुकानांच्या पाट्या लिहिणारी ही माणसे अक्षराचे वजन जाणतात.

देवनागरीची शिरोरेषा किती काम करू शकते, हे पाहायचे असेल तर खिशातील नोटेकडे पाहावे. उदयकुमार धर्मलिंगम यांनी आखलेले आणि 15 जुलै 2010 रोजी स्वीकारले गेलेले रुपयाचे चिन्ह ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांच्या मेळातून झाले आहे, आणि वरच्या आडव्या रेघेमुळेच ते भारतीय वाटते.

रंग शेवटी

चिन्ह आधी पूर्णपणे काळ्या रंगात पक्के करावे. भारतीय स्टेट बँकेचे चिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शेखर कामत यांनी आखले आणि ते 1971 मध्ये वापरात आले. निळे वर्तुळ, मध्ये गोल छिद्र आणि खाली चीर, एवढाच त्याचा आकार आहे. पासबुकावर काळ्या शाईत मारले तरी ते ओळखू येते. रंग काढून घेतल्यावर जे चिन्ह उभे राहत नाही, ते रंग दिल्यानेही राहणार नाही.

मग रंग निवडताना मालाकडे पाहावे. पारदर्शक पन्नीत पिवळी डाळ असेल तर पिवळे किंवा केशरी चिन्ह तिच्यात विरघळून जाईल. गडद तपकिरी-लाल किंवा गडद हिरवा रंग चालेल, नाहीतर चिन्हाखाली पांढरा पट्टा द्यावा. बारदान्यावर स्क्रीन प्रिंटिंगने छापताना प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, म्हणजे प्रत्येक रंगाचा खर्च वेगळा. सुरुवातीला एक रंग, फार तर दोन. मोबाईलच्या पडद्यावर झळकणारा रंग कागदावर फिका येतो, कारण पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि छपाई शाईने. छापखान्यात एक नमुना काढून, पसंत पडलेल्या रंगाचे चार शाईंचे, म्हणजे सीएमवायकेचे, आकडे लिहून घ्यावेत.

संगणकावर

हा भाग थोडक्यात आटोपतो. वहीतील चित्राचा फोटो काढून इंकस्केपसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून रेषा आखाव्यात. अशी रेषांची, म्हणजे व्हेक्टर, फाईल कितीही मोठी केली तरी फाटत नाही. फोटोसारखी ठिपक्यांची फाईल फ्लेक्सवर फुटते. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्र काढून घेण्याचा मोह आता सगळ्यांनाच होतो. कल्पना चाळवण्यासाठी ते ठीक आहे, पण तिथून बहुधा ठिपक्यांचीच फाईल मिळते, सुपाची वीण भलतीकडेच जाते, आणि तसेच चित्र उद्या दुसऱ्यालाही मिळू शकते.

बाजारात नेऊन पाहणे

एकदम पाच हजार पन्न्या छापू नयेत. छापील पन्नीसाठी रंगागणिक सिलिंडर तयार करावा लागतो आणि छापखाने कमी नग घेत नाहीत. चुकीचे चिन्ह एवढ्या मालावर बसले की ते वर्षभर संपत नाही. पहिल्या खेपेला साध्या पन्नीवर स्टिकर लावावे.

त्याआधी घरच्या घरी काही गोष्टी करून पाहाव्यात. चिन्ह दोन सेंटीमीटर रुंदीत छापून दहा पावलांवरून पाहावे. झेरॉक्सची झेरॉक्स काढून पाहावी. व्हॉट्सअ‍ॅपच्या गोल चौकटीत बसवून पाहावे, कारण तिथे चारही कोपरे कापले जातात. चष्मा न लावलेल्या आजीला विचारावे, ‘आजी, हे काय दिसते?’ आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावे. शाळेतल्या एखाद्या मुलाला चिन्ह एकदा दाखवून दुसऱ्या दिवशी आठवेल तसे काढायला सांगावे. तो जे विसरतो, ते बहुधा काढून टाकण्यासारखे असते.

पुडीवर चिन्हाशिवाय पुष्कळ काही लिहावे लागते, याची जाणीव ठेवून जागा आखावी. एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, चिन्ह आणि 14 आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक, शाकाहारासाठी हिरव्या चौकटीतील हिरवा गोल, निव्वळ वजन, किंमत, भरल्याची तारीख, गटाचा पत्ता. या गर्दीत आपले चिन्ह वरच्या भागात, भोवती एका दाण्याएवढी तरी मोकळी जागा ठेवून असावे.

दुसऱ्या-तिसऱ्या बाजाराच्या दिवशी किराणा दुकानात एक कोपरा धरून अर्धा तास उभे राहावे आणि गिऱ्हाईक कोणत्या शब्दांत माल मागते ते ऐकावे. ‘भाऊ, ते सुपाची दाळ द्या,’ असे कोणी म्हणाले, तर चिन्ह कामाला लागले. ‘ती टोपलीवाली दाळ’ असे तिघांनी म्हटले, तर सुपाचा काठ नीट उतरलेला नाही. तो पुन्हा काढावा. ‘ती पिवळ्या पन्नीतली’ असे ऐकू आले, तर लोक चिन्ह पाहतच नाहीत, ते मोठे करावे किंवा जागा बदलावी. स्टिकरवर असताना हा बदल काही शे रुपयांत होतो.

फाईली कोणाकडे

एका छापखान्याने माझ्या ओळखीच्या गटाला चिन्हाचे फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले चित्र दिले होते. मूळ फाईल त्यांच्याच संगणकात होती, आणि तो संगणक बिघडला. पुढच्या छपाईसाठी भेटकार्डावरून चिन्ह पुन्हा काढावे लागले. आता कट्ट्यावरचे चित्र आणि स्टिकरवरचे चित्र चुलतभावांसारखे दिसतात.

म्हणून काम स्वीकारताना सगळ्या फाईली ताब्यात घ्याव्यात: मूळ व्हेक्टर फाईल (एसव्हीजी किंवा सीडीआर), छपाईसाठी पीडीएफ, मोबाईलसाठी पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी. प्रत्येक फाईल रंगीत, पूर्ण काळी आणि गडद रंगावर छापण्यासाठी पांढरी अशा तीन रूपांत, आणि चित्राखाली नाव व चित्राशेजारी नाव अशा दोन मांडण्यांत असावी. सोबत एका पानावर रंगांचे आकडे, सर्वांत लहान किती छापायचे आणि काय करायचे नाही, हे मराठीत लिहून ठेवावे. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक गटाच्या ईमेलमध्ये, आणि त्या पानाची छापील प्रत इतिवृत्ताच्या वहीत चिकटवून.

करार

चित्र काढणारा भाचा असला तरी लेखी घ्यावे. स्वामित्व हक्काचे (कॉपीराइटचे) हस्तांतरण लेखी आणि सही केलेले असावे लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. साध्या कागदावर चिन्हाचे चित्र छापून, ‘याचे सर्व हक्क कायमस्वरूपी व सर्व प्रदेशांसाठी गटाला दिले आहेत’ असे लिहून, दिलेली रक्कम नमूद करून, दोघांच्या सह्या घ्याव्यात. रक्कम ठरवताना लाजू नये, आणि चित्रकारालाही ‘नाव होईल तुमचे’ एवढ्यावर बोळवू नये.

व्यापारचिन्हाची नोंदणी

बाजारातील चाचणी झाल्यावर, छापील पन्नीची मागणी देण्यापूर्वी नोंदणीचा अर्ज करावा. आधी व्यापारचिन्ह कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोध घेता येतो. नाव जसे लिहिले तसे आणि उच्चाराने, असे दोन्ही प्रकारे शोधावे. ‘खळं’ला ‘खला’ किंवा ‘खळा’ आडवे येऊ शकतात. माल आणि सेवा मिळून एकूण 45 वर्ग आहेत: मसाले आणि पीठ 30 मध्ये, ताजी फळे 31 मध्ये, कपडे 25 मध्ये. डाळीचा वर्ग तिच्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे यावर ठरतो, म्हणून यादी नीट पाहूनच तो भरावा. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाला 4,500 रुपये शुल्क आहे, इतरांना 9,000. या विषयाची माहिती आणि प्रशिक्षण जवळच हवे असेल, तर नागपूरला राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत गट आणि उत्पादक कंपन्यांना ब्रँडिंगसाठी साहाय्य मिळते का, याचीही जिल्हा कृषी कार्यालयात चौकशी करावी.

अर्ज केल्यापासून नावाशेजारी बारीक ‘टीएम’ लिहिता येते. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी मिळाल्यावरच लिहावा. त्याआधी लिहिणे हा गुन्हा आहे. कार्यालयाने आक्षेप काढला तर उत्तर द्यायला तीस दिवस मिळतात, आणि चिन्ह त्या कार्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कोणीही विरोध नोंदवू शकतो. नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. ही सगळी पत्रे अर्जात दिलेल्या ईमेलवर येतात. अर्ज भरून देणारा मुलगा सहा महिन्यांनी पुण्याला नोकरीला गेला आणि ईमेल त्याच्याच मोबाईलवर राहिला, तर तीस दिवस कधी उलटले हे गटाला कळतही नाही. त्यामुळे गटाचा स्वतंत्र ईमेल उघडून त्याचा पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे लिहून ठेवावा, आणि तो दर सोमवारी उघडण्याचे काम एकीच्या नावाने इतिवृत्तात नोंदवावे.